‘नेट गेले’ म्हणजे नेमके काय गेले?

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतातील सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून मॉडेमच्या कर्कश आवाजासह होणारी ती जोडणी मोजक्या कार्यालयांची आणि हौशी घरांची चैन होती. ती तुटली तर कोणाचे फारसे अडत नसे. आज मुदतठेवीचे नूतनीकरण, आयकराचे विवरणपत्र, विजेचे देयक, रक्ततपासणीचा अहवाल, नातवंडांचा अभ्यास, निवृत्तिवेतनधारकांचा नोव्हेंबरमधील हयातीचा दाखला, ही सारी कामे त्याच जोडणीवर विसंबून आहेत. मुले नोकरीनिमित्त पुण्या-बंगळुरूला अथवा परदेशी, आणि गावच्या घरात दोघेच वृद्ध, अशी कुटुंबे आपल्या समाजात थोडी नाहीत. अशा घरात संध्याकाळी ठरलेल्या वेळी पडद्यावर मुलाचा चेहरा दिसला नाही, तर ती रात्र काळजीत जाते.

अशा वेळी घरात एकच वाक्य ऐकू येते, ‘नेट गेले’. वास्तविक या दोन शब्दांत निदान सात-आठ निरनिराळे बिघाड दडलेले असतात. त्यांपैकी बरेच घरातल्या घरात, एकही स्क्रू न काढता दूर होऊ शकतात. काही केवळ कंपनीचा माणूसच दूर करू शकतो. कोणता बिघाड कोणाच्या हद्दीतला, हे ओळखता येणे ही केवळ सोयीची गोष्ट राहिलेली नाही. ज्याला आपले दुखणे कोठे आहे हे सांगता येत नाही, तो मदतीसाठी कोणाच्याही हाती आपला संगणक सोपवतो, आणि तेथूनच पुष्कळांच्या बचतीला गळती लागते. म्हणून या विषयाची तोंडओळख प्रत्येक घरातील निदान एका वडीलधाऱ्या व्यक्तीला असावी.

जोडणीचे पाच टप्पे

संगणकाच्या पडद्यावर बँकेचे संकेतस्थळ उघडते, तेव्हा निरोप पाच टप्पे ओलांडून गेलेला असतो. पहिला टप्पा म्हणजे संगणक स्वतः. दुसरा, संगणकापासून राउटरपर्यंतचा. हा वाय-फायचा असेल किंवा तारेचा. तिसरा, राउटर आणि फायबरचा डबा. अलीकडे बहुतेक घरांत ही दोन्ही कामे एकच डबा करतो. चौथा, त्या डब्यापासून कंपनीच्या केंद्रापर्यंत गेलेली काचतंतूची तार. पाचव्या टप्प्यात कंपनीचे पुढचे जाळे, संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता शोधून देणारी यंत्रणा आणि शेवटी ते संकेतस्थळ येते.

तेरीज पत्रक जुळले नाही, तर जाणता हिशेबनीस सर्व खातेवह्या एकदम उलथ्यापालथ्या करीत नाही. कोणत्या पानापर्यंत बेरीज बरोबर आहे, हे तो आधी पाहतो आणि त्यापुढचेच पान तपासतो. येथेही तीच रीत लागू पडते. कोणत्या टप्प्यापर्यंत सर्व ठीक आहे, एवढे ठरवले की चूक त्याच्या लगतच्या पुढच्या टप्प्यात सापडते. या पद्धतीचा दुसरा लाभ असा की, चांगले चालणारे भाग विनाकारण हलवले जात नाहीत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, परिणाम पाहावा आणि उपयोग झाला नाही तर ती पूर्ववत करावी. एकदम चार गोष्टी बदलल्या तर मूळ बिघाड कोणता आणि नवा कोणता, हेच कळेनासे होते.

हात लावण्यापूर्वी चार प्रश्न

पहिला प्रश्न: अडचण एकाच उपकरणावर आहे की सर्वांवर? संगणक बंद पडला असेल, पण त्याच वाय-फायवर मोबाईल चालत असेल, तर तिसरा, चौथा आणि पाचवा टप्पा निर्दोष ठरतो. दोष संगणकात किंवा संगणक व राउटर यांच्या मध्ये आहे. मात्र ही परीक्षा घेताना मोबाईलचा स्वतःचा डेटा बंद करण्यास विसरू नये. वाय-फाय निकामी होताच बहुतेक फोन गुपचूप आपल्या डेटावर चालू लागतात, आणि ‘माझ्या फोनवर तर सर्व ठीक आहे’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

दुसरा प्रश्न: एकच संकेतस्थळ उघडत नाही की कोणतेच नाही? फक्त बँकेचे पान अडले असेल आणि वृत्तपत्राचे पान उघडत असेल, तर जोडणी शाबूत आहे. बँका आपल्या यंत्रणेची देखभाल बहुधा रात्री करतात; तेव्हा थोडे थांबणे हाच उपाय.

तिसरा प्रश्न: अडचण सतत आहे की ठरावीक वेळी? रोज रात्री नऊच्या सुमारास वेग मंदावत असेल, तर त्या वेळी परिसरातील सर्व घरे एकाच वेळी जोडणी वापरत असावीत. दुपारी ऊन तापल्यावर जोडणी तुटत असेल, तर कोंदट जागी ठेवलेला राउटर गरम होत असावा.

चौथा प्रश्न: अलीकडे काय बदलले? घराला रंग दिला, कपाट हलवले, वाय-फायचा पासवर्ड बदलला, नवे सुरक्षा सॉफ्टवेअर बसवले, की महिन्याचे पैसे भरण्याची तारीख उलटली? या शेवटच्या कारणाला हसू नये. मुदत संपल्यावर डब्यावरचे सर्व दिवे नीट लागलेले असतात, वाय-फायही दिसते, परंतु एकही पान उघडत नाही.

दिव्यांची भाषा

फायबरच्या डब्यावरील लहान दिवे शोभेसाठी नसतात. निरनिराळ्या बनावटींत त्यांची मांडणी थोडी वेगळी असते, पण मुख्य दिवे समान आहेत. ‘पॉवर’चा दिवा नसेल, तर आधी सॉकेट, मग अडॅप्टर पाहावा. जुना झालेला अडॅप्टर पुरता बंद न पडता अशक्त होतो. दिवे लागतात, पण डबा अधूनमधून आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो. असे वारंवार घडत असेल, तर त्याच व्होल्टचा आणि तेवढ्याच अथवा अधिक अँपिअरचा अडॅप्टर लावून पाहावा. हे दोन्ही आकडे अडॅप्टरच्या पाठीवर छापलेले असतात. व्होल्टचा आकडा चुकला तर डबा जळू शकतो.

‘पॉन’ हा दिवा स्थिर असेल, तर डब्याची कंपनीच्या केंद्राशी ओळख पटली आहे. तो लुकलुकत राहिला, तर ती ओळख पटलेली नाही. ‘एल-ओ-एस’ या तीन अक्षरांचा दिवा सर्वांत महत्त्वाचा. तो विझलेला असणे हेच चांगले लक्षण. तो लाल लागला किंवा लाल लुकलुकू लागला, तर तारेतून येणारा प्रकाशच डब्यापर्यंत पोहोचत नाही. अशा वेळी संगणकाशी झटापट करणे व्यर्थ आहे. रस्त्याच्या खोदकामात तार तुटली असेल, झाडाची फांदी पडली असेल, उंदराने कुरतडली असेल किंवा घरातच कपाटामागे ती फार दुमडली गेली असेल. काचतंतू जोरात वाकला की आतला प्रकाश वळणावर बाहेर निसटतो. तार दिसेल तेवढ्या भागात कोठे मुडपली असेल तर हलक्या हाताने सैल करावी. त्यापलीकडचे काम कंपनीचे.

येथे दोन सूचना पक्क्या लक्षात ठेवाव्यात. त्या तारेच्या टोकाचा, बहुधा हिरव्या रंगाचा जोड उगाच काढू नये. ज्यातून प्रकाश जातो तो काचेचा गाभा साधारण ९ मायक्रॉन, म्हणजे केसापेक्षा कितीतरी बारीक असतो. धुळीचा एक कणही त्याची वाट अडवू शकतो. आणि सुटलेल्या टोकात डोळा लावून कधीही पाहू नये. तेथून येणारा लेसर प्रकाश १४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा, मानवी डोळ्याला न दिसणारा असतो. दिसत नाही म्हणून तो नाही, असे समजणे घातक आहे. लहान मुलांनाही हे सांगून ठेवावे.

बंद करून पुन्हा सुरू करण्यामागचे शास्त्र

‘एकदा बंद करून सुरू करा’ हा सल्ला टिंगलीचा विषय झाला असला तरी त्यामागे कारण आहे. राउटर हाही एक छोटा संगणकच आहे. घरातील प्रत्येक उपकरणाला तो एक अंकी पत्ता ठरावीक मुदतीसाठी देतो आणि कोणाचा निरोप कोणाला पोहोचवायचा याची सूची बाळगतो. महिनोन्‌महिने अखंड चालताना ही सूची कधी गोंधळते, स्मृती अपुरी पडते. वीज बंद केल्यावर हे सर्व पुसले जाते आणि कामकाज कोऱ्या पाटीवर सुरू होते.

मात्र त्यालाही क्रम आहे. प्रथम सर्व बंद करावे व मिनिटभर थांबावे. मग फायबरचा डबा सुरू करून दोन-तीन मिनिटे, म्हणजे दिवे स्थिर होईपर्यंत वाट पाहावी. राउटर स्वतंत्र असेल तर तो त्यानंतर, आणि संगणक सर्वांत शेवटी. डब्याच्या पाठीमागे सुईच्या टोकाएवढ्या छिद्रात ‘रिसेट’ची कळ असते, तिला मात्र हात लावू नये. ती दाबून धरल्यास कंपनीने भरलेली ओळख व पासवर्डही पुसला जाऊ शकतो, आणि तंत्रज्ञ येईपर्यंत सुरू असलेली जोडणीही गमावली जाते.

भिंत, कपाट आणि तार

डब्यावरचे दिवे निरोगी असतील आणि तरीही संगणकाला जोडणी मिळत नसेल, तर दुसरा टप्पा पाहावा. सर्वांत निर्णायक परीक्षा सोपी आहे: संगणक लॅन केबलने थेट राउटरला जोडून पाहणे. तारेवर सर्व सुरळीत चालले तर दोष वाय-फायचा ठरतो. अशी दोन-तीन मीटरची केबल घरात असावी. तिची किंमत तंत्रज्ञाच्या एका फेरीहून कमी असते.

वाय-फायच्या रेडिओलहरींना पाणी, धातू आणि जाड बांधकाम यांचे वावडे आहे. वाड्याच्या दीड-दोन फुटी दगडी भिंती, सिमेंट-काँक्रीटचे स्लॅब, लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी यांच्यामागे रेंज क्षीण होते. राउटर दिसू नये म्हणून त्याला कपाटात किंवा टीव्हीच्या मागे कोंबणे ही सर्वत्र आढळणारी चूक आहे. त्याची जागा घराच्या मध्यावर, उघड्यावर आणि जमिनीपासून चार-पाच फूट उंच असावी.

पुष्कळ राउटर दोन नावांनी वाय-फाय देतात, त्यांपैकी एकाच्या पुढे ‘५जी’ असे लिहिलेले असते. त्याचा मोबाईलच्या फाइव्ह-जी सेवेशी काहीही संबंध नाही. ते ५ गिगाहर्ट्झच्या लहरींचे निदर्शक आहे. या लहरी वेगवान, पण भिंती ओलांडण्यात दुबळ्या, दुसऱ्या, २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगाने कमी, पण लांब पोहोचणाऱ्या. राउटरच्याच खोलीत पहिल्या, दूरच्या खोलीत दुसऱ्या वापराव्यात. जुन्या संगणकांना व प्रिंटरना अनेकदा फक्त २.४ गिगाहर्ट्झच कळते, म्हणून दुसरे नाव त्यांच्या यादीत दिसतच नाही. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास काम करतो. स्वयंपाकघराशेजारी बसून बोलताना नेमके अन्न गरम होत असता चित्र अडखळत असेल, तर कारण हेच असू शकते.

रेंज वाढविण्यासाठी रिपीटर बसवताना तो, जेथे रेंज नाही त्या खोलीत लावला जातो. ज्याला स्वतःलाच काही ऐकू येत नाही, तो पुढे काय सांगणार? त्याची जागा राउटर आणि ती खोली यांच्या मध्ये, जेथे रेंज अद्याप चांगली आहे तेथे. तसेच, जुना राउटर घरातील दुसऱ्या टोकाला नुसता तारेने जोडून दिला, की दोन राउटर एकाच घरात स्वतंत्रपणे पत्ते वाटू लागतात. मग कधी प्रिंटर सापडत नाही, तर कधी एक संगणक चालतो आणि दुसरा अडतो. पत्ते वाटण्याचे काम एकाकडेच राहील अशी मांडणी जाणकाराकडून करून घ्यावी.

पत्त्यांची तपासणी

विंडोज संगणकावर आणखी एक परीक्षा दोन मिनिटांत होते. ‘स्टार्ट’मध्ये सी-एम-डी ही तीन इंग्रजी अक्षरे टंकून एंटर दाबले की एक काळी खिडकी उघडते. तिच्यात इंग्रजीतून ‘आयपीकॉन्फिग’ लिहून एंटर दाबावे. संगणकाचा पत्ता आणि ‘डिफॉल्ट गेटवे’, म्हणजे राउटरचा पत्ता, समोर येतो. घरगुती पत्ते बहुधा १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होतात. त्याऐवजी १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर अर्थ स्पष्ट आहे: राउटरकडून पत्ता मिळालाच नाही, म्हणून संगणकाने स्वतःच एक तात्पुरता पत्ता घेतला. दोष पहिल्या, दुसऱ्या किंवा तिसऱ्या टप्प्यात आहे. कंपनीच्या बाहेरच्या तारेचा यात संबंध नाही.

पत्ता योग्य असेल, तर ‘पिंग’ ही आज्ञा वापरावी. अमेरिकेतील माइक म्यूस या संशोधकाने डिसेंबर १९८३ मध्ये हा छोटा प्रोग्रॅम लिहिला. पाणबुड्यांच्या सोनार यंत्रात सोडलेल्या ध्वनीचा प्रतिध्वनी ऐकतात, त्यावरून त्याने हे नाव दिले. ‘पिंग’ लिहून, एक जागा सोडून गेटवेचा पत्ता लिहावा. उत्तर आले, तर राउटरपर्यंतचा मार्ग मोकळा आहे. त्यानंतर ‘पिंग’पुढे ८.८.८.८ लिहावे, हा गूगलच्या सार्वजनिक यंत्रणेचा पत्ता आहे. राउटरकडून उत्तर आले आणि येथून आले नाही, तर अडचण राउटरच्या पलीकडे, म्हणजे बहुधा कंपनीच्या हद्दीत आहे.

कधी असे होते की ८.८.८.८ कडून उत्तर येते, तरीही एकही संकेतस्थळ उघडत नाही. अशा वेळी बहुधा नावावरून पत्ता शोधणारी यंत्रणा, डी-एन-एस, रुसलेली असते. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी आखलेली ही यंत्रणा म्हणजे इंटरनेटची दूरध्वनी-निर्देशिका होय. आपण नाव लिहितो, ती अंक शोधून देते. कंपनीची निर्देशिका बंद असल्यास संगणकाच्या जोडणीत डी-एन-एसच्या जागी ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचे १.१.१.१ हे पत्ते लिहिल्यास काम चालू होते.

थांबलेले घड्याळ

घरातल्या जुन्या डेस्कटॉप संगणकाबाबत एक बिघाड फसवा आहे. वृत्तपत्राचा फलक दिसतो, परंतु बँकेचे, आयकराचे संकेतस्थळ ‘जोडणी सुरक्षित नाही’ अशी सूचना देऊन अडते. अशा वेळी पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातील तारीख पाहावी. संगणक बंद असताना त्याचे घड्याळ चालू ठेवणारी नाण्याएवढी बॅटरी, बहुधा सीआर २०३२ क्रमांकाची, काही वर्षांनी संपते आणि तारीख मागे जाते. सुरक्षित संकेतस्थळाचे प्रमाणपत्र विशिष्ट मुदतीचे असते. संगणकाच्या मते आज दहा वर्षांपूर्वीचा दिवस असेल, तर ते प्रमाणपत्र त्याला अवैध वाटते. तारीख दुरुस्त करताच संकेतस्थळ उघडते, आणि ती अल्प किमतीची बॅटरी बदलली की कायमचा उपाय होतो. ‘तरीही पुढे जा’ या पर्यायावर बोट ठेवून बँकेच्या पानावर जाणे मात्र सर्वथा टाळावे. तारीख बरोबर असूनही अशी सूचना आली, तर ती खरी असण्याचा संभव असतो.

चालते, पण रखडते

वेगाबाबत एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. कंपनी ‘१०० एमबीपीएस’ म्हणते तेव्हा ते सेकंदाला १०० मेगाबिट असतात. फाइलचा आकार मात्र मेगाबाइटमध्ये दिसतो. एका बाइटमध्ये ८ बिट. म्हणून १०० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट उतरतात. १००० मेगाबाइटची चित्रफीत उतरण्यास ८० सेकंद लागले, तर कंपनीने फसवले असे होत नाही.

वेग मोजताना संगणक तारेने जोडावा, बाकीची उपकरणे थांबवावीत आणि सकाळी, दुपारी, रात्री अशी तीन वेळा नोंद घ्यावी. महिन्याची ठरलेली मर्यादा ओलांडल्यास वेग उतरवला जातो, ही अट योजनेच्या तपशिलात बारीक अक्षरांत असते. तीनशे मेगाबिटची योजना घेऊनही तारेवर शंभरच्या आतच आकडा येत असेल, तर लॅन केबल बदलून पाहावी. तिच्यात तारांच्या चार जोड्या असतात. शंभरापर्यंतच्या वेगास दोन पुरतात, त्यापुढच्या वेगास चारही लागतात. एक तार तुटली तरी जोडणी बंद पडत नाही, निमूटपणे शंभरावर येऊन थांबते. पासवर्ड वर्षानुवर्षे तोच असेल आणि शेजारीपाजारी पोहोचला असेल, तर तो बदलणे हाही वेग वाढविण्याचा उपाय आहे.

वीज आणि पाऊस

वीज गेल्यावर घरचा इन्व्हर्टर सुरू होतो, परंतु त्या क्षणभराच्या खंडाने राउटर बंद पडून पुन्हा सुरू होण्यास काही मिनिटे घेतो. चालू असलेला आर्थिक व्यवहार अशा वेळी अर्धवट राहतो. राउटरसाठी मिळणारा छोटा बारा व्होल्टचा यूपीएस ही अडचण दूर करतो. व्यवहार अडकल्यास घाईने दुसऱ्यांदा पैसे पाठवू नयेत. जोडणी आल्यावर आधी खात्याचा उतारा पाहावा.

काचतंतूमधून वीज वाहत नाही, म्हणून फायबरला आकाशातील विजेचे भय कमी. परंतु अनेक गावांत स्थानिक केबलवाले एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर तांब्याची लॅन केबलच नेतात. वळवाच्या कडकडाटात अशा तारेतून आलेला दाब राउटर आणि त्यास जोडलेला संगणक दोन्ही निकामी करू शकतो. आभाळ गडगडण्यापूर्वीच ती तार व विजेचे प्लग काढून ठेवणे शहाणपणाचे. कडकडाट सुरू झाल्यावर मात्र तारांना हात लावू नये.

तक्रार कशी करावी

‘नेट चालत नाही’ या तक्रारीवर कंपनीचा कर्मचारी तेच जुने प्रश्न विचारत बसतो. ‘सकाळी सातपासून एल-ओ-एसचा दिवा लाल आहे, डबा एकदा बंद करून सुरू केला आहे’ किंवा ‘राउटरकडून उत्तर येते, ८.८.८.८ कडून येत नाही’ असे सांगितले, की काम थेट योग्य माणसाकडे जाते. एका वहीत दिनांक, वेळ, लक्षण आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवावा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या नियमावलीनुसार तक्रारीला क्रमांक देणे कंपनीवर बंधनकारक आहे, आणि समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. ग्राहक आयोगाचे दारही उघडे आहे; दूरसंचार कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ग्राहक मंच ऐकू शकतात, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दिला. या सर्व ठिकाणी त्या वहीतील नोंदी हाच पुरावा ठरतो.

खोटा मदतनीस

आता सर्वांत गंभीर मुद्दा. जोडणी बंद पडली की गोंधळलेला माणूस मोबाईलवर कंपनीचा ‘कस्टमर केअर’ क्रमांक शोधतो. शोधात वर आलेला क्रमांक कंपनीचाच असेल याची शाश्वती नसते. भामट्यांनी पेरलेले क्रमांकही तेथे असतात. पलीकडचा आवाज अत्यंत नम्र असतो. तो संगणकात किंवा फोनमध्ये एक ॲप घेण्यास सांगतो, पडद्यावर आलेला नऊ-दहा आकडी क्रमांक विचारतो, आणि नोंदणीसाठी दहा रुपये भरण्यास सुचवतो. दूरवरून दुसऱ्याचा पडदा पाहण्याची ही ॲप मुळात तंत्रज्ञांच्या सोयीसाठी बनलेली आहेत, पण तो आकडा हाती जाताच आपण टंकलेला प्रत्येक पासवर्ड आणि आलेला प्रत्येक ओटीपी त्यास दिसतो. अशा एका ॲपच्या गैरवापराबाबत रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते. ‘तुमच्या संगणकात विषाणू शिरला आहे, या क्रमांकावर फोन करा’ अशी अचानक उमटणारी पाटीही याच जातीची.

कंपनीचा क्रमांक घ्यावा तो छापील देयकावरून, डब्यावरील चिकटपट्टीवरून किंवा कंपनीच्या अधिकृत ॲपमधून. जोडणी दुरुस्त करण्यासाठी कोणालाही बँकेचा पासवर्ड, कार्डाचा क्रमांक, यूपीआय पिन अथवा ओटीपी लागत नाही. लाल दिवा संगणकात ॲप घालून हिरवा होत नाही, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला असा भामटा पहिल्याच वाक्यात ओळखू येतो.

तरीही कोणी फसलेच, तर प्रथम जोडणी स्वतः तोडावी. राउटर व मोबाईलचा डेटा बंद करावा, म्हणजे पलीकडचा हात तुटतो. लगेच दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते व कार्ड थांबवावे आणि १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात हे तत्त्व घालून दिले की, ग्राहकाने स्वतः गोपनीय माहिती दिली असली, तरी त्याने बँकेला कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे. म्हणजे येथे प्रत्येक मिनिटाला किंमत आहे. लाजेने किंवा मुलांच्या धाकाने गप्प बसणारा माणूस स्वतःचेच नुकसान वाढवतो. आणि घरातील तरुणांनीही, ‘तुम्हाला एवढेही कळत नाही का?’ हे वाक्य अशा प्रसंगी गिळून टाकावे. त्याच वाक्याच्या भयाने वडीलधारी माणसे पुढच्या वेळी घरच्यांऐवजी परक्याला विचारतात.

सुटीत घरी आलेल्या मुला-नातवंडांकडून एक काम अवश्य करून घ्यावे. एका जाड कागदावर मोठ्या अक्षरांत कंपनीचा खरा क्रमांक, ग्राहक क्रमांक, देयकाची तारीख, राउटरचा पत्ता, डब्यावरील कोणता दिवा कसा असावा याचे लहानसे चित्र, बँकेचा आपत्कालीन क्रमांक आणि १९३० एवढे लिहून तो कागद राउटरजवळच्या भिंतीला लावावा. वाय-फायचा पासवर्ड त्यावर लिहू नये. एकदा त्यांच्यासमोरच वडिलांनी किंवा आजींनी डबा क्रमाने बंद-सुरू करून, दिवे वाचून दाखवावेत. अर्ध्या तासाच्या या शिकवणीने पुढची अनेक वर्षे घर दुसऱ्याच्या मेहेरबानीवर अवलंबून राहत नाही.